ग्रेनाडा: जहाज सुटायच्या आत

ग्रेनाडा या कॅरिबियन बेटाच्या राजधानीत, सेंट जॉर्जेसच्या धक्क्यावर सकाळी आठला उतरलो. दुपारी दोनच्या आत परत जहाजावर चढायचं होतं. धक्क्यावर टॅक्सीवाले भेटतात. आम्ही दोघंच होतो, म्हणून आणखी एका जोडप्याला गाठून चौघांत व्हॅन ठरवली. भाडं माणशी की गाडीचं आणि डॉलर कुठले, हे बसण्याआधीच विचारा. एका अमेरिकन डॉलरला २.७० पूर्व कॅरिबियन डॉलर पडतात, त्यामुळे नुसता आकडा ऐकून मान डोलावली की घोळ होतो. आमचा होता होता वाचला.

आधी अ‍ॅनंडेल धबधबा. बांधलेल्या पायवाटेने पाचेक मिनिटांत पोचता, आजी-आजोबाही जातील. उंची जेमतेम तीस फूट. आषाढातला सह्याद्री पाहिलेल्याला हा घाटातल्या वळणावरचा धबधबाच वाटणार, पण खालच्या डोहात डुंबायला मजा येते. वरून उड्या मारून दाखवणारी पोरं बक्षिसी मागतात. सुटे पैसे ठेवा. अंगाखाली पोहण्याचे कपडे घालूनच निघा.

पुढे आंबोलीसारखी वळणं चढत ग्रँड इतांग. ज्वालामुखीच्या विवरातलं हे तळं सुमारे ५३० मीटर उंचीवर आहे. वृक्षनेचे, बांबू, शेवाळलेली खोडं आणि पाऊस! तळं काही दिसलं नाही, दिसलं ते धुकं. पश्चिम आफ्रिकेतून शेकडो वर्षांपूर्वी आणलेली मोना माकडं मात्र समोर आली. खाऊ पिशवीत ठेवा, रेनकोट बाहेर. आणि लष्करी छापाचे कपडे घालू नका, इथे सामान्य माणसाला कायद्याने बंदी आहे.

उतरताना चालकाने रस्त्याकडेला गाडी थांबवली, आणि माझ्या मते सहलीतली खरी मजा इथेच आली. कोकोची फळं फणसासारखी थेट खोडाला लागलेली! त्याने एक फोडून दिलं. आतला पांढरा गर आंबटगोड, गरे चोखावेत तसा चोखायचा. बी चावू नका, कडूजहर. शेजारच्या झाडावर तडकलेलं जायफळ, आत ओली जायपत्री लालभडक. आपण डब्यात पाहतो ती पिवळट, वाळलेली. इथल्या झेंड्यावरही जायफळच आहे. २००४च्या आयव्हन वादळात जायफळाच्या बागा भुईसपाट झाल्या. नवं झाड धरायला सात-आठ वर्षं लागतात, कोकोला तीन-चारच, म्हणून पुष्कळ शेतकरी कोकोकडे वळले, असं चालक म्हणाला.

शेवटी शहरात यंग स्ट्रीटवरचं ‘हाऊस ऑफ चॉकलेट’. संग्रहालय छोटं आहे, पण कोकोचं बी सहा-सात दिवस आंबवतात, मग उन्हात वाळवतात, हे समजतं. ग्रेनाडा चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये इथल्या बियांपासून इथेच चॉकलेटची वडी करायला सुरुवात केली. त्याआधी बी बाहेर जायचं आणि चॉकलेट बाहेरून यायचं. कोको-टी नक्की प्या. दालचिनी, जायफळ घालून उकळलेला, वर तुपासारखा तवंग. हिला नाही आवडला, मी तिचाही संपवला.

हा थांबा मुद्दाम शेवटचा ठेवा. चॉकलेट अंगाच्या उबेनेही वितळतं, आणि व्हॅनचा एसी काही आमच्याने गार झाला नाही. इथून धक्का पायी गाठता येतो. मी ७१ टक्के कोकोची वडी घेतली, १०० टक्क्यांची चव आधी घेऊन पाहा.