कडी आहे का? : आमच्या वस्तीची मोजणी

‘कशाचा सर्व्हे गं, झोपुचा का?’

पहिल्याच दारात आजींनी हे विचारलं. त्यांची दोन्ही नातवंडं माझ्या बालवाडीतून शाळेत गेलीत, रोज माझ्याशी बोलतात त्या. तरी हातातली वही बघून दारातून हलायला तयार नव्हत्या. मला वाईट वाटलं नाही. झोपु म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन. पुण्यात वस्तीत वही घेऊन कुणी आलं की त्याचा विषय निघतो, आणि मग कोण पात्र, कोण अपात्र या काळजीने लोकांची झोप उडते. ही भीती खरी आहे.

आम्हाला मोजायचा होता वस्तीचा सार्वजनिक संडास. त्या संध्याकाळी आम्ही सात जणी समाजमंदिरात बसलो आणि ठरवलं. नाव लिहायचं नाही. घरनंबर लिहायचा नाही. फोटोत माणूस येऊ द्यायचा नाही. वही वस्तीच्या बाहेर जाणार नाही, जातील ते फक्त आकडे. हे सगळं फळ्यावर खडूने लिहून समाजमंदिराच्या दारात ठेवलं. दुसऱ्या दिवशीपासून दारं उघडली.

हे सुरू झालं २०२३ मध्ये. एका संस्थेतल्या ताई बचत गटाच्या बैठकीला आल्या होत्या, विषय होता शाश्वत विकास उद्दिष्टं. सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत सगळ्या देशांनी मान्य केलेली १७ उद्दिष्टं, त्यांची १६९ लक्ष्यं, मुदत २०३०. खरं सांगायचं तर निम्म्या बायकांचं लक्ष घरी लावून आलेल्या कुकरकडे होतं. मग ताईंनी सहाव्या उद्दिष्टातलं दुसरं लक्ष्य समजावून सांगितलं. सगळ्यांना पुरेशी स्वच्छतागृहं मिळावीत, उघड्यावर जाणं थांबावं, आणि हे करताना महिला आणि मुलींच्या गरजांकडे विशेष लक्ष द्यावं. मागे बसलेली नववीतली एक मुलगी म्हणाली, ‘मग आपल्या संडासाला कडी का नाही?’

बैठक तिथेच थांबली आणि आमचं काम तिथून सुरू झालं.

ताईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून अजून जात नाही. स्वच्छ भारत अभियानाच्या नियमांत ज्याच्या घरात संडास बांधायला जागा नाही, त्याला ५०० मीटरच्या आत सार्वजनिक संडास असेल तर त्याची सोय झाली असं धरतात. आमचा संडास वस्तीच्या कुठल्याही घरापासून तेवढ्या अंतरात येतो, म्हणजे आम्ही हगणदारीमुक्त. नीती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांक मात्र वेगळं माप लावतो. त्यात संडास इतर कुटुंबांबरोबर वापरावा लागत असेल तर ते घर स्वच्छतेच्या बाबतीत वंचित धरलं जातं. एकाच वस्तीला एक सरकारी कागद हगणदारीमुक्त म्हणतो आणि दुसरा वंचित.

त्या निर्देशांकात १२ निकष आहेत. पोषण, शाळा, पाणी, वीज, घर, बँक खातं अशा गोष्टी त्यात येतात. संडासाचं वजन २१ पैकी १ भाग. सगळ्या निकषांची मिळून वंचना एक तृतीयांशावर गेली तरच ते कुटुंब गरीब धरतात. हे आकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या नमुन्यातून निघतात आणि जिल्ह्यापर्यंत येऊन थांबतात. पुणे जिल्ह्यात हिंजवडीच्या कंपन्या आहेत, कोरेगाव पार्कचे बंगले आहेत, भोरचे डोंगर आहेत आणि आम्हीही आहोत. या सगळ्याच्या सरासरीत आमची वस्ती कशी दिसणार? ती दिसायला हवी असेल तर आपणच मोजायला हवी, इतकं मला त्या दिवशी कळलं.

मोजायची पद्धत नवीन नव्हती. महाराष्ट्रात २००७ पासून सरकारी आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख झाली आहे, पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे जिल्हा होता. गावातले लोक दवाखान्याची पाहणी करायचे, कार्डशीटवर हिरवा, पिवळा, लाल रंग भरायचे आणि जनसुनवाईत ते कार्ड सगळ्यांसमोर डॉक्टरांपुढे ठेवायचे. आम्ही तेच संडासाला लावलं. रेशन, अंगणवाडी, पाणी हेही घ्यायचं होतं, पहिली यादी ४१ प्रश्नांची झाली होती. दोन गल्ल्या करून बघितल्या आणि कळलं की एवढं कुणाच्याने होणार नाही. फक्त संडास ठेवला.

पहिली मोजणी आमची चुकली. रविवारी सकाळी ११ वाजता गेलो, बायकांच्या बाजूला १० सीट, पुरुषांच्या बाजूला १०, असं लिहून आलो. एक मावशी पोळ्यांची कामं करून परत येत होत्या. वही बघून म्हणाल्या, ‘११ वाजता रिकामाच असतो तो. पहाटे गेलात का? रात्री गेलात का?’

मग तीन पाळ्या केल्या. पहाटे साडेपाच, दुपारी २, रात्री १०. प्रत्येक सीटच्या दाराबाहेर खडूने नंबर टाकला आणि पाच गोष्टी बघितल्या: दार, आतली कडी, पाणी, दिवा, आणि तुंबलेला आहे की नाही. रंग कसे द्यायचे यावर बराच वाद झाला. पाचही असतील तर हिरवा, एकदोन नसतील तर पिवळा, असं मी सुचवलं. मुलींनी ते मोडून काढलं. म्हणाल्या, बायकांच्या बाजूला कडी नसेल तर बाकी चार असूनही लाल. मी त्यांच्या वयाची असताना इतकं स्पष्ट बोलू शकले असते का, माहीत नाही. तोच नियम ठेवला.

सात नंबरची सीट मी कधी विसरणार नाही. दार होतं, पाणी होतं, दिवासुद्धा होता. कडीच्या जागी चार स्क्रूंची भोकं होती आणि त्यातल्या एका भोकातून परकराची नाडी ओवलेली होती. आत बसलेल्या बाईने ती नाडी हातात घट्ट धरून बसायचं. नाडी काळी आणि गुळगुळीत झाली होती, किती जणींनी धरली असेल! रात्री १० वाजता प्रत्येक मुलीबरोबर कुणीतरी आलेलं असायचं, आई, बहीण, शेजारची काकू. एक आत, एक दार धरून बाहेर. आम्ही हा आकडाही लिहून घेतला. रात्री एकटी आलेली मुलगी त्या पाळीत आम्हाला एकही दिसली नाही.

मग हिशेब केला. वस्तीत २१२ घरं, २२ घरांत स्वतःचा संडास, उरली १९०. त्या घरांत ४१२ बायका-मुली आणि ४३८ पुरुष-मुलगे. अभियानाच्या नियमाप्रमाणे सामुदायिक संडासात २५ बायकांमागे १ सीट आणि ३५ पुरुषांमागे १ सीट हवी. म्हणजे बायकांना १७ आणि पुरुषांना १३. आहेत १० आणि १०. त्यात बायकांच्या बाजूला हिरव्या ३, पिवळ्या ३ आणि लाल ४.

कागदावर काय लिहिलंय ते बघायला माहितीचा अधिकार वापरला. इथे जे शिकले ते सविस्तर सांगते, कुणाला उपयोगी पडेल. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत असावा लागतो. आम्ही पहिल्या अर्जात संडास, दिवे, सफाई, पाणी सगळं कोंबलं होतं, तो परत आला. मग तीन वेगळे अर्ज केले, प्रत्येकावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. एका अर्जाला उत्तर आलं की ही माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही. तसं असेल तर त्यांनीच तो अर्ज ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो, हे कायद्याच्या कलम ६(३) मध्ये आहे. आम्ही ते कलम लिहून पहिलं अपील केलं आणि माहिती मिळाली. आवक विभागात शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय मात्र खिडकी सोडायची नाही. आमचा एक अर्ज ‘मिळालाच नाही’ म्हणाले होते, पोच दाखवल्यावर सापडला.

उत्तरात होतं, ‘एकूण सीट २०, सर्व सुस्थितीत.’

तेव्हा सोमवारी दुपारी ३ ते ५ पालिकेत नागरिकांना अभिलेख बघता यायचे, ही पुण्यातली जुनी आणि फार चांगली सोय होती. आम्ही दोघी कामाचा खाडा करून गेलो. सफाईच्या कामाच्या अटी वाचल्या. दिवसातून किती वेळा धुवायचं, दुरुस्ती कुणी करायची, सगळं मराठीत लिहिलेलं होतं. तिथल्या लिपिक मॅडमनी स्वतः खुर्ची दिली, फाईल शोधून दिली, आणि हळूच विचारलं, ‘तुमच्याकडे कडी नाही म्हणजे नेमकं कसं?’ मी नाडीचं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या आठवड्यात संयुक्त पाहणीचं पत्र आलं, त्यावर त्यांचीच सही होती.

तेव्हा नगरसेवक नव्हते. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यापासून प्रशासकच कारभार बघत होते, त्यामुळे कुणाच्या ऑफिसात जाऊन ‘भाऊ, बघा जरा’ म्हणायची सोय नव्हती. त्याचा त्रास झाला, पण लेखी काम करायची सवय आम्हाला त्यामुळेच लागली.

पाहणीला अधिकारी, ठेकेदाराचा माणूस आणि वस्तीतल्या साठेक बायका. सुरुवातीला आवाज चढले. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, लोकच तोडतात. तेही पूर्ण खोटं नाही, रात्री दारू पिऊन दारं लाथाडणारे आमच्यातच आहेत, आणि ते आम्ही त्याच्यासमोर मान्य केलं. मग नववीतल्या त्या मुलीने कार्डशीट भिंतीला लावली आणि साहेबांना म्हणाली, ‘सर, तुम्ही सात नंबरमध्ये जाऊन दार लावून बघा.’ साहेब गेले. बाहेर आल्यावर त्यांनी ठेकेदाराच्या माणसाला लोखंडी कड्या लावायला सांगितलं आणि तारीख लिहून दिली.

तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं. बायकांच्या बाजूला हिरव्या ८, पिवळी १, लाल १. त्या लाल सीटची लाईन खालून फुटली आहे, तिला वेळ लागेल. संडासाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर दिवे आणि कठडा हवा होता, तो अर्ज आम्ही नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकात टाकला. पुण्यात ही पद्धत २००६-०७ पासून आहे, ५ लाखांपर्यंतची कामं नागरिक सुचवू शकतात. पुढच्या वर्षी अंदाजपत्रकात आमच्या पायऱ्यांची ओळ छापून आली. त्या पानाची झेरॉक्स समाजमंदिरात लावली आहे.

बायकांच्या ७ सीट मात्र अजून कमी आहेत. लेखी उत्तर आलं, ‘जागा उपलब्ध नाही.’ संडासाच्या मागे राडारोडा टाकलेली मोकळी पट्टी आहे. गेल्या रविवारी आम्ही टेप घेऊन ती मोजली, १४ फूट बाय ९ फूट. कागदावर नकाशा काढला, चारही बाजूंनी काय आहे ते लिहिलं, आणि सोमवारी अर्ज दिला. पोच वहीच्या शेवटच्या पानाला टाचली आहे.