आमची वाटचाल : स्टार आणि डेल्टा यांच्यामधले ५० मिलिसेकंद

१९९३ साली शिरोली एमआयडीसीत एका भाड्याच्या शेडचा अर्धा भाग घेऊन आम्ही मोटारी चालू-बंद करणारी विजेची पॅनल बांधायला सुरुवात केली, तेव्हा एक ड्रिल मशीन, एक क्रिम्पिंग टूल, तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणारा एक जुना टॉन्ग टेस्टर आणि आयटीआयमध्ये माझ्या शेजारच्या बाकावर बसलेला भागीदार एवढेच आमचे भांडवल होते. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना लागतात तशी पॅनल आम्ही बांधत होतो, आणि सॅन्ड प्लँटचे, म्हणजे साच्यांची वाळू परत तयार करणाऱ्या यंत्रणेचे, पॅनल म्हटले की त्यातले निम्मे काम टायमरचे असते.

पहिली मोठी ऑर्डर आबांची, म्हणजे आमच्या एका फाउंड्रीवाल्या गिऱ्हाइकाची. सॅन्ड प्लँट चालू करताना क्रम उलटा असतो, म्हणजे आधी वाळू बादल्यांनी वर नेणारा बकेट एलिव्हेटर, मग त्याच्याकडे वाळू आणणारा पट्टा आणि शेवटी शेकआउटखालचा, म्हणजे साचा फोडून वाळू झाडतात तिथला, पट्टा. प्रत्येकाच्या मध्ये काही सेकंदांचा ऑन-डिले, म्हणजे चालू होण्याआधीचा थांबा, त्यामुळे पुढचे मशीन पूर्ण वेगात आल्याशिवाय मागून वाळू येत नाही. बंद करताना मात्र मागचा पट्टा आधी थांबतो आणि एलिव्हेटर ऑफ-डिलेवर आणखी थोडा वेळ फिरून स्वतःला रिकामा करतो. ती वेळ कमी पडली तर वाळू बूटमध्ये, म्हणजे एलिव्हेटरच्या तळाच्या पेटीत, साचते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भरल्या बूटवर एलिव्हेटर उचलताना ओव्हरलोड रिले ट्रिप होऊन मोटार बंद पडते. ही वेळ आबांनी घड्याळावर लावू दिली नाही. एलिव्हेटरच्या पत्र्यावर तळहात ठेवून ते उभे राहिले आणि म्हणाले, “बूट रिकामा झाला की हाताला कळतंय बघ. अजून दोन सेकंद वाढीव.” मी स्क्रू-ड्रायव्हरने नॉब केसभर सरकवला. १२ सेकंदांवर त्यांनी हात काढला.

आता २००४ सालाविषयी, कारण त्याविषयी गावात अजूनही अर्धवट बोलले जाते. एका मोठ्या फाउंड्रीत, जिचे नाव मी लिहीत नाही, आमच्या मलरच्या, म्हणजे वाळू मळणाऱ्या यंत्राच्या, पॅनलमध्ये स्फोटासारखा आवाज होऊन तिन्ही फ्यूज उडाले आणि स्टारचा कॉन्टॅक्टर जळून चिकटला. मोठी मोटार आधी कमी व्होल्टेजच्या स्टार जोडणीत चालू करून वेग आल्यावर पूर्ण व्होल्टेजच्या डेल्टा जोडणीत नेतात, आणि या दोन्हींसाठी वेगळा कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलने ओढला जाणारा मोठा स्विच, असतो. “टायमर निकृष्ट होता” असे सांगून त्यांनी आमची तीन बिले रोखली. आमचा एक स्पर्धक त्याच आठवड्यात शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत हीच गोष्ट सांगत फिरला आणि आमच्या हातातली चार कामे त्याच्याकडे गेली. भागीदाराने हिशेब मागितला आणि तो बाहेर पडला. त्याचा मला राग नाही, त्याच्या घरी लग्नकार्य होते. वायरमनांचे पगार पत्नीचे दागिने गहाण ठेवून झाले.

जळलेले पॅनल परत आले, तेव्हा ते मी रात्री एकट्याने उघडले. आमच्या शेडमधून जाणाऱ्या प्रत्येक टायमरच्या टर्मिनल स्क्रूवर आम्ही लाल नेलपॉलिशचा ठिपका देतो, म्हणजे स्क्रू कोणी हलवला तर ठिपका तुटतो. या टायमरवर ठिपकाच नव्हता, कारण तो टायमर आमचा नव्हताच. स्टार-डेल्टा टायमरच्या जागी कोणीतरी साधा ऑन-डिले टायमर बसवला होता, ज्याच्या १५ नंबरच्या टर्मिनलवर कॉमन, १६ वर स्टार आणि १८ वर डेल्टा अशी सरळ जोडणी केलेली होती. डेल्टाच्या कॉइलमध्ये येणारा स्टारचा एनसी इंटरलॉकही, म्हणजे स्टार आत असेपर्यंत डेल्टाची वीज तोडून ठेवणारा संपर्क, काढून थेट तार टाकलेली होती. या धंद्यातल्या माणसाला यापुढे सांगावे लागू नये. स्टार सुटताना त्याच्या कॉन्टॅक्टमधली ठिणगी विझायला वेळ लागतो आणि त्यासाठीच स्टार-डेल्टा टायमर मध्ये साधारण ५० मिलिसेकंदांचा थांबा देतो. तो थांबा आणि इंटरलॉक दोन्ही गेले, तर एक दिवस डेल्टा आत येतो तेव्हा स्टार अजून बाहेर पडलेला नसतो आणि तिन्ही फेज आपसात भिडतात. तो बदली टायमर त्याच स्पर्धकाने पुरवला होता, हे चलनावरून पुढे कळले. दोन बिले मिळाली, तिसरे आजतागायत मिळालेले नाही, आणि “आमची चूक झाली” हे शब्दही मिळाले नाहीत.

त्या महिन्यात आबांनी दुसऱ्या लाइनचे पूर्ण पॅनल दिले, सात टायमरचे, आणि निम्मी रक्कम आगाऊ दिली. कोटेशन दुसरीकडून मागवले नाही. आमची शेड आज उभी आहे ती त्या चेकवर. त्यानंतर भारनियमनाच्या काळात वीज परत आल्यावर सगळ्या मोटारी एकदम उठू नयेत म्हणून टप्प्याटप्प्याने चालू करणारी पॅनल पुष्कळ गेली, स्वतःचा गाळा झाला, पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारे कंट्रोलर, आले. ती वर्षे नीट गेली.

नवीन मुलांसाठी थोडे लिहितो. स्टारची वेळ पुस्तकातून लावू नका, टॉन्ग टेस्टर लावून करंट खाली बसेपर्यंत बघा आणि मगच डेल्टावर जाऊ द्या. स्टारमध्ये टॉर्क एक तृतीयांशच असतो, त्यामुळे भरलेला मलर त्यावर उचलायला लावू नका. ८ सेकंद हवे असतील तर ३०० सेकंदांचा टायमर घेऊ नका, कारण त्या डायलवर नॉबचा केसभर फरक म्हणजे कित्येक सेकंद असतात. भट्टीजवळच्या पॅनलला हवा खेळू द्या. टायमरमधला कपॅसिटर उष्णतेने लवकर म्हातारा होतो. पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये थांबा लिहिला असला, तरी इंटरलॉकची तार कॉन्टॅक्टरमधून प्रत्यक्ष ओढा, कारण चिकटलेला कॉन्टॅक्टर प्रोग्रॅम वाचत नाही.

तो जळलेला कॉन्टॅक्टर टेस्टिंग बेंचवर ठेवलेला आहे. आमच्याकडे नव्याने रुजू होणाऱ्या वायरमनला पहिल्या दिवशी तो उघडून तिन्ही चिकटलेले कॉन्टॅक्ट बघावे लागतात, आणि मग नेलपॉलिशची बाटली त्याच्या हातात दिली जाते.