मयतीच्या सामानाच्या दुकानाला लायसन लागतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. गावात मयतीचं सामान ठेवायचं, तिरडी बांधून द्यायची, लाकडं पोचवायची, तर लायसन कुठून काढायचं, असं कोणी ना कोणी विचारतंच.

या कामाचं लायसन आपल्याकडे नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत लागतं. तिथे देहात रसायन भरून तो काही दिवस टिकवायची रीत आहे, म्हणून त्याचं कॉलेज, उमेदवारी, परीक्षा. आपल्याकडे सकाळी गेलेलं माणूस सांजेआधी मोक्षधामात पोचतं. दुकान म्हणून, दहापेक्षा कमी कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने कायद्याखाली ऑनलाइन सूचना दिली की पुरतं. अंत्यविधीच्या सेवेवर, शववाहिकेसकट, जीएसटी नाही. सामान विकण्याचा हिशोब वेगळा. लाकडाला मात्र जपा. झाड तोडायला परवानगी आणि ट्रॅक्टरवर आणायला वनखात्याचा पास लागू शकतो. झाडाच्या कोणत्या जातीला सूट आहे ते वनरक्षकाला आधीच विचारून ठेवा. नाक्यावर ट्रॅक्टर अडला की इकडे मयत खोळंबते.

तिरडीला हिरवे बांबू दोन, सात-साडेसात फुटांचे, आणि आडव्या सात-आठ कामट्या. सुतळीने फुलीची गाठ मारा. वाळका बांबू खांद्यावर कडकन मोडतो, नायलॉनची दोरी गुळगुळीत म्हणून घसरते.

सरणाला साधारण ३०० ते ४०० किलो वाळलं लाकूड धरा. खाली दोन जाड ओंडके लांबीत, त्यांवर आडवी लाकडं, आणि खालून हात शिरेल एवढी पोकळी. दाटून रचलं की हवा जात नाही, काळा धूर होतो आणि आग वरच्यावर जळून बसते. पोट आणि कंबर सगळ्यात उशिरा जळतात, म्हणून बाभळीचे जाड ओंडके तिथे घाला, पायाकडे नाही. पेटवायला पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या. पेट्रोल कधीच नाही. त्याची वाफ भडकते आणि अग्नी देणारा पोरगाच भाजतो. पावसाळ्याचं लाकूड मे महिन्यातच टिनाखाली, विटांवर उचलून रचा, जमिनीला टेकलेला थर ओल धरतो. छातीत पेसमेकर असेल तर डॉक्टरांकडून आधी काढून घ्या, उष्णतेने फुटतो.

हे सगळं चार मयतींत हाताला बसतं. पण तिरडी बांधायच्या आधी एक विचारलंच पाहिजे: माणूस गेला कसा? साप, करंट, वीज, विहीर, फवारणीचं विष, यांतलं काही असलं तर हात थांबवा आणि पोलीस पाटलाला कळवा. घरचे म्हणतील, "कापाकापी नको, उरकून टाका." तेव्हा त्यांच्याजवळ बसून समजवा. पंचनामा आणि पोस्टमार्टेम झालं नाही तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे २ लाख मिळवणं फार अवघड होतं. देह जळाल्यावर सर्पदंश सिद्ध करायचा कशावरून? माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात मोठं काम हेच आहे, आणि ते लाकडं न विकता करायचं असतं.

मग मृत्यूची नोंद. २१ दिवसांत केली तर फुकट होते. पुढे विलंब शुल्क, ३० दिवसांनंतर वरची परवानगी, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. लोक हमखास चुकतात ते जागेत. नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते. यवतमाळच्या खेड्यातला माणूस नागपूरच्या दवाखान्यात वारला तर दाखला नागपूरचा. ग्रामसेवकाकडे चकरा मारून उपयोग नाही. घरीच वारला असेल तर ग्रामपंचायतीत घरच्या कर्त्याने कळवायचं.

माहिती देताना आधार आणि सातबारा दोन्ही समोर ठेवा. आधारवर 'रामभाऊ', सातबाऱ्यावर 'रामा', आणि दाखल्यावर शेजाऱ्याने सांगितलं ते तिसरंच, असं झालं की तलाठ्याकडे वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीवर वारसाचं नाव चढवणं, अडतो. वारसाने तलाठ्याला तीन महिन्यांत कळवायचं असतं, म्हणून तेरवीची वाट न पाहता राख सावडून आलं की त्याच आठवड्यात हे कागद काढायला सांगा.