टपावरचं कॅरियर

दिवाळीत कोकणात जाताना गाडीच्या टपावर कॅरियर बसवलं, ते मार्च उजाडला तरी तसंच. रिकामं. कोण काढत बसणार?

अण्णा मात्र प्रत्येक वेळी टाकी फुल्ल करून मीटरचा आकडा वहीत लिहितात. "अरे, एक्सप्रेस वेवर अठराची गाडी सोळावर आलीय," म्हणाले. मी टायरची हवा तपासली, एअर फिल्टर बदलला. कॅरियर डोक्यातच आलं नाही. खरं तर ऐंशीच्या पुढे ते शिट्टी वाजवायचं! ती शिट्टी म्हणजे आडव्या दांड्यांनी हवा फाडल्याचा आवाज, आणि त्या फाडण्याचं पेट्रोल आमच्या खिशातून.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की वेग सव्वापट, विरोध दीडपटीहून जास्त. कर्वे रोडवर पंचविसाने रांगताना हवेला कोण विचारतो, तिथे क्लच आणि सिग्नल पेट्रोल खातात.

गंमत म्हणजे नाकापेक्षा शेपटी महत्त्वाची. मागे हवा नीट मिटली नाही तर कमी दाबाचा भोवरा गाडीला मागे ओढतो. एडमुंड रुम्प्लर या विमानवाल्याने १९२१ सालीच थेंबाच्या आकाराची गाडी बर्लिनमध्ये मांडली होती. १९७९ मध्ये फोक्सवॅगनच्या वाऱ्याच्या बोगद्यात तिचा हवेच्या विरोधाचा गुणांक (जितका कमी, तितकी गाडी हवेतून सहज सरकते) ०.२८ भरला. दिसायला मात्र ध्यान, म्हणून खपली नाही.

रविवारी कोथरूडच्या पार्किंगमध्ये पाना घेऊन कॅरियर उतरवलं. एक बोल्ट गंजलेला, त्यातच अर्धा तास गेला. आता ते बाल्कनीत आहे, बायको त्यावर कुंड्या ठेवते.