दरड, लस आणि कोयनेचे काका

यादी हातात आली की मी आधी वयाचा रकाना बघते, मग जेवणाचा. त्या दिवशी 31 जण होते. त्यातले 26 साठीच्या पुढचे, 9 जणांचं जैन जेवण. एका नावापुढं पुण्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी पेनानं लिहिलं होतं, 'काका प्रश्न विचारतात.' गुडघे, शुगर, व्हीलचेअर या सूचना नेहमीच्या. प्रश्नांची आगाऊ सूचना मला पहिल्यांदाच मिळत होती.

मी मूळची कऱ्हाडची. ग्लासगोत 11 वर्षं झाली, त्यातली 6 मराठी गटांना स्कॉटलंड दाखवण्यात गेली. एडिंबरातून सकाळी आठला निघायचं, डून किल्ला, लॉख ऑ, किलखर्नचा पडका किल्ला, इन्व्हरेरी, तिथून रेस्ट अँड बी थँकफुलचा घाट उतरून लॉख लोमंडकाठचं लस गाव, आणि रात्री परत. तळी, किल्ले, खेडी एका दिवसात उरकतात म्हणून ही सहल सगळ्यात जास्त खपते. लस या नावावर बसमध्ये हमखास हशा पिकतो. 'आता लस घ्यायला जायचंय' हे वाक्य मी आजवर किती वेळा टाकलंय, देव जाणे. आणि 'लॉख', म्हणजे तळं, हा शब्द आपल्या लोकांना पहिल्या फटक्यात जमतो. इंग्रज पाहुणे बिचारे दिवसभर 'लॉक, लॉक' करतात.

सप्टेंबरचा शेवट होता. आदल्या रात्रीपासून पावसानं जी धार धरली ती सोडलीच नाही. डूनमध्ये निदान डोक्यावर छप्पर होतं. चौदाव्या शतकाच्या अखेरीला हा किल्ला रॉबर्ट स्ट्युअर्टनं, म्हणजे ऑल्बनीच्या ड्यूकनं बांधला. राजाच्या नावानं कारभार हाच बघायचा, आपल्याकडच्या पेशव्यांसारखा. हे मी रंगवून सांगते, पण बायकांचं लक्ष नेहमीप्रमाणे मुदपाकखान्यात. तिथली चूल एवढी मोठी की आख्खा बैल भाजता येईल. जैन मंडळींसमोर हा बैल मी गाळते आणि 'शंभर माणसांचा स्वयंपाक' म्हणते. एक काकू चुलीत चार पावलं आत गेल्या, वर धुराड्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हिला सारवायचं कोणी?"

किलखर्नला मात्र पंचाईत झाली. गाडीतळापासून किल्ल्यापर्यंत पायवाट आहे, ती रेल्वेच्या पुलाखालून जाते. लॉख ऑचं पाणी चढलं की ती वाट बुडते आणि किल्ल्याचं बेट होतं. त्या दिवशी पुलाखाली गुडघाभर पाणी होतं. मी पुढं होऊन बघून आले आणि 'आत जाता येणार नाही' असं जाहीर केलं. मागून आवाज आला, "आम्ही पासष्टाव्या वर्षी राजगड पावसात चढलोय हो!" आपल्या माणसांना किल्ला दाखवणं हे अवघड काम आहे. बालेकिल्ला कुठाय, चोरदिंडी कुठाय, पाण्याची टाकी किती, असे ते हिशोब मागतात, आणि पाच मजली दगडी घराला किल्ला म्हणायचं त्यांच्या जिवावर येतं. मग मी लांबूनच सांगितलं, की साधारण 1450 च्या सुमाराला कॉलिन कॅम्पबेलनं हा बांधला, 1760 च्या आसपास वीज पडली, आणि तिच्या तडाख्यानं निखळलेला एक बुरूज आजही अंगणात उलटा पडलाय. उलटा बुरूज बघायला मिळाला नाही, म्हणून नाराजी आणखी वाढली.

ती भरून काढायला मी किल्ल्यामागच्या ढगाकडे हात केला. "त्या ढगात बेन क्रूआखन डोंगर आहे. त्याच्या पोटात वीजघर आहे. वरच्या धरणातलं पाणी खाली कोसळतं आणि दिवसरात्र स्कॉटलंडला वीज मिळते." हे माझं ठरलेलं वाक्य. सहा वर्षं म्हणतेय.

इन्व्हरेरी लॉख फाइनच्या काठावर आहे. हे खारं पाणी, समुद्राचा फाटाच आत शिरलेला. पांढऱ्याशुभ्र इमारतींची एक रांग, मागे आर्गाइलच्या ड्यूकचा वाडा. हे गाव मुळात वाड्याच्या शेजारी होतं. अठराव्या शतकात ड्यूकला नवा वाडा बांधायचा होता, तेव्हा गाव उठवून त्यानं थोडं लांब, आखून रेखून नव्यानं वसवलं. हे सांगितलं आणि पहिला प्रश्न आला. टोपी, मफलर, त्यावर रेनकोट अशा थराथरातून एक किरकोळ अंगाचे काका म्हणाले, "म्हणजे पुनर्वसन झालं. मोबदला मिळाला का?"

मी हसले. ते हसले नाहीत. मग बाजूला येऊन हळूच म्हणाले, "आणि मॅडम, ते मघाचं वीजघर. तिथं पंप आहे ना?" मला तेव्हा थेपल्यांचे डबे वाटायचे होते. 'असेल काका' म्हणून मी सटकले.

पावणेतीनला ड्रायव्हर आला. फॉल्कर्कचा माणूस, अबोल, बस आरशासारखी ठेवणारा. त्यानं फोन पुढं धरला. पुढच्या घाटात दरड आली होती आणि रस्ता बंद. शेजारून जुना लष्करी रस्ता आहे, मोठा रस्ता बंद झाला की एरवी त्यावरून गाड्या ओळीनं सोडतात. तोही बंद. अठराव्या शतकात हा रस्ता बांधणाऱ्या सैनिकांनी माथ्यावर दगड बसवला, 'विसावा घ्या आणि आभार माना' असा, त्यावरूनच घाटाचं नाव पडलं. आजकाल तिथं विसावा घेण्यापेक्षा डोंगराकडे बघत लवकर सटकावं असं वाटतं. खाली माती अडवायला खड्डे खणलेत, जाळ्या लावल्यात, तरी पावसाळी दिवसात तो डोंगर घसरतोच.

आता आल्या वाटेनं मागं, परत लॉख ऑ, टाइंड्रम, क्रिअनलॅरिख आणि मग लोमंडच्या काठाकाठानं खाली. तासाभराच्या लसला दोन-अडीच तास, वर वळवलेल्या सगळ्या वाहनांची गर्दी. ड्रायव्हर बोटं मोजत होता. साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटं थांबणं कायद्यानं सक्तीचं, आणि टॅकोग्राफपुढं, म्हणजे गाडी किती वेळ चालली याची नोंद ठेवणाऱ्या यंत्रापुढं, कुणाची मखलाशी चालत नाही. कोंडीत अडकलो तर आडरानात गाडी उभी करायची वेळ यायची. म्हणून टाइंड्रमला आधीच थांबायचं ठरलं.

बसमध्ये माइक घेतला तेव्हा पोटात गोळा होता. "मंडळी, पुढं दरड कोसळली आहे." आणि बस एकदम सुखावली! माळशेज, वरंधा, कशेडी, प्रत्येकाकडे आपापली दरड होती. कुणी आंबेनळीत रात्र काढली होती, कुणाची वरात ताम्हिणीत अडकली होती. दरड म्हटल्यावर त्यांना स्कॉटलंड पहिल्यांदा ओळखीचं वाटलं असावं.

वीस मिनिटांत ते किस्से संपले. आणि माझेही. गाइडला जाताना सांगायच्या गोष्टी असतात, त्याच रस्त्यानं परतताना तिचं दप्तर रिकामं असतं. लॉख ऑकडे उतरताना पाऊस थांबला, ढग फाटले आणि क्रूआखन पायापासून शेंड्यापर्यंत दिसला. 1126 मीटर. काका खिडकीला नाक लावून बसले होते. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "काका, त्या पंपाचं तुम्हीच सांगा."

त्यांना पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावला. माइक हातात घेऊन पहिलं वाक्य काय, तर "मॅडमनी सकाळी चुकीचं सांगितलं."

काका पोफळीच्या वीजघरातून निवृत्त झालेले. 1967 च्या भूकंपानंतर दुसऱ्या वर्षी कोयनेवर लागले ते शेवटपर्यंत. बायकोकडून त्यांनी थर्मास आणि स्टीलचा पेला मागवून घेतला. "हा वरचा पेला म्हणजे डोंगरातलं धरण. हा थर्मास म्हणजे खालचं लॉख ऑ. संध्याकाळी लोक घरी येतात, चहाची किटली लावतात, दिवे लावतात, तेव्हा हे पाणी खाली सोडायचं." चहा थर्मासात. "आता धरण रिकामं. रात्री लोक झोपले की वीज स्वस्त, तीच वापरून तीच यंत्रं उलटी फिरवायची आणि पाणी परत वर." चहा परत पेल्यात, थोडा त्यांच्या मफलरवर. "हा जो सांडला ना, तो तोटा. शंभर युनिट घालायचे, पंचाहत्तर-ऐंशी मिळायचे. म्हणजे हे वीजघर वीज खातं जास्त!"

"मग धंदा कसला हो हा?" मागून एक व्यापारी गृहस्थ.

"वेळेचा. शेतकऱ्यानं कांदा चाळीत ठेवला आणि भाव आल्यावर काढला, तसं. दोन मिनिटांत मशीन पूर्ण ताकदीवर येतं. हे अणुवीजघराला जमायचं नाही."

आपल्याकडे घाटघरला असंच आहे, 250 मेगावॅटचं, असं ते म्हणाले. हे क्रूआखन 440 चं, 1965 साली राणीनं उद्घाटन केलेलं, एवढं माझ्या वहीत होतं. डोंगर पोखरताना 15 कामगार मेले, हेही होतं. ते मी सहलीत कधी सांगत नाही, मूड जातो म्हणून. त्या दिवशी सांगितलं. काका काही क्षण गप्प राहिले. मग बोगद्यातली हवा कशी लागते, सुरुंगाच्या धुरानं डोकं कसं चढतं, याबद्दल बोलले. जुन्या माणसांकडून ऐकलेलं, स्वतः पाहिलेलं, सगळं मिसळून. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात उतरतं आणि वाशिष्ठीला मिळतं, हे सांगताना त्यांचा हात खिडकीबाहेरच्या डोंगराकडे होता.

"तुम्ही कुठल्या मॅडम?"

"कऱ्हाडची."

"प्रीतिसंगमावर वाढलात आणि पंप माहीत नाही?" सगळी बस हसली. मी पण. कान मात्र गरम झाले होते. सहा वर्षांत कितीतरी गटांना मी ते वाक्य ऐकवलं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

टाइंड्रमला ड्रायव्हर आपली 45 मिनिटं मोजून बसला. त्यानं मला विचारलं, म्हातारबाबा चहा का सांडत होते? मी क्रूआखन म्हटलं. त्यानं मान हलवली आणि आत जाऊन काकांसाठी कॉफी घेऊन आला. किती पैसे झाले ते सांगेना.

क्रिअनलॅरिखच्या खाली लोमंडकाठचा रस्ता इतका अरुंद की समोरून लॉरी आली की दोघांनी आरसे मिटून घ्यायचे. त्यात ती रांग. लसला पोचलो तेव्हा पुरता अंधार पडला होता. दुकानं बंद, खाणकामगारांसाठी बांधलेली ती फुलांनी मढलेली बैठी घरं नुसत्या काळ्या आकृत्या. धक्क्यावर दहा मिनिटं उभे राहिलो. ब्रिटनमधलं सगळ्यात मोठ्या क्षेत्रफळाचं तळं समोर होतं आणि त्याचा फक्त आवाज येत होता. काकांनी विचारलं, "खोली किती?"

"जास्तीत जास्त 190 मीटर."

"कुठं?"

"वरच्या अंगाला, उत्तरेकडे," मी म्हटलं, आणि या वेळी मला ते खरंच माहीत होतं.

एडिंबरात पोचायला साडेदहा झाले. अभिप्रायाचे कागद दुसऱ्या दिवशी मिळाले. चौघांनी 'लस राहिली' म्हणून दोन तारे कापले होते. उलट्या बुरुजाबद्दल एकानं रीतसर तक्रार केली होती. काकांनी तारे भरलेच नव्हते. 'सूचना' या रकान्यात बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: 'रात्री पंप चालतो, हे सांगावे.'