वहीत न मांडलेला माल

ॲमस्टरडॅमला आमच्याकडे कुणी आलं की राइक्सम्युझियमची फेरी ठरलेली. सगळे रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या चित्राकडे धावतात. मी पाहुण्यांना आधी ‘विटे लेऊ’ जहाजाच्या सामानाकडे नेते. यंदा आई-बाबांनाही नेलं.

डच ईस्ट इंडिया कंपनीचं हे जहाज जावातल्या बांतमहून मिरी, लवंगा आणि हजारावर हिरे घेऊन परत निघालं होतं. १६१३ मध्ये सेंट हेलेना बेटापाशी पोर्तुगीज जहाजं दिसली. गपचूप घरी जायचं सोडून यांनी हल्ला चढवला, त्या धुमश्चक्रीत जहाजावर स्फोट झाला आणि सगळं तळाला गेलं. हावरटपणा, दुसरं काय!

१९७६ मध्ये रोबेर स्तेन्यूई हा बेल्जियन पाणबुड्या त्या हिऱ्यांसाठी खाली उतरला. हिरे सापडलेच नाहीत. सापडली ती मिंगकाळातली निळी-पांढरी चिनी भांडी, ढिगानं. आणि गंमत म्हणजे जहाजाच्या मालाच्या यादीत या भांड्यांचा उल्लेखच नाही. लवंगेचा हिशेब ठेवणाऱ्या कंपनीच्या नाकाखालून एवढा माल चढला कसा?

माझी लाडकी वस्तू मात्र भांडं नव्हेच. मिरी आणि फुटक्या खापऱ्या एकमेकांत रुतून झालेला एक गोळा आहे, चिक्कीच्या ढेपेसारखा. दाणे काळे, गोल, जागच्या जागी. आई काचेला नाक लावून म्हणाली, “अगो, ही तर मिरी!” पाटी वाचायची तिला गरजच पडली नाही.

त्याच संग्रहालयात आंद्रीस बेकमनचं बटावियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, किल्ल्याचं चित्र आहे, १६६१ च्या सुमाराचं. कंपनीच्या इथल्या कचेरीत ते टांगलेलं असे. माड, भरलेला बाजार, साहेबावर छत्री धरून चालणारा नोकर. सगळं कसं आलबेल! हे बटाविया कंपनीचा गव्हर्नर-जनरल कून यानं १६१९ मध्ये जयकर्ता हे गाव जाळून वसवलं. दोनच वर्षांनी त्यानं जायफळाच्या मक्तेदारीपायी इंडोनेशियातली बांदा बेटं उजाड केली. हजारो माणसं मारली गेली, उपाशी मेली, उरलेल्यांतली कित्येक गुलाम म्हणून नेली. मालकांच्या भिंतीवर लावायच्या चित्रात हे कुठून येणार? म्हणून मला तो मिरीचा गोळा जास्त खरा वाटतो. तो कुणाला खूश करायला घडवलेला नाही.

बाबांचं लक्ष भलतीकडेच होतं. आम्ही वेंगुर्ल्याचे. तिथे याच कंपनीची वखार होती. गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना तिचा मोठा आधार. आता नुसत्या पडक्या भिंती उरल्यात, त्यांवर झाडंझुडपं. “इथे सांडलेली मिरीसुद्धा काचेत ठेवतात,” बाबा करवादले, “आणि आमची अख्खी वखार पावसात भिजतेय. तिथे निदान एक धड पाटी तरी लावा म्हणावं!”