नानांची फील्ड टेस्ट

गुरुवार, रात्री

नानांना काचबिंदू आहे. त्यांच्या फील्ड टेस्टचा (उजेडाचे ठिपके दाखवून नजरेचा आवाका तपासतात, ती) रिपोर्ट बिघडून आला. गेल्या वेळी एमडी (त्या वयाच्या निरोगी नजरेपेक्षा सरासरी किती कमी दिसतं, तो आकडा) उणे ६ च्या आसपास होता, आज उणे ९. कॅनडा कॉर्नरहून पंचवटीत घरी येईपर्यंत रिक्षात त्यांचं एकच चाललं होतं, "माझंच चुकलं गं. कितीतरी ठिपके सुटले."

ठिपके सुटायचेच असतात, हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. हम्फ्री यंत्रावरच्या '२४-२' नावाच्या या तपासणीत ५४ जागा बघतात आणि प्रत्येक ठिपका जेमतेम ०.२ सेकंद चमकतो. दिसला की पुढचा आणखी मंद, नाही दिसला की जरा प्रखर. असं करत यंत्र दिसण्या-न दिसण्याची सीमा शोधतं. उत्तम नजरेच्या माणसालाही बरेच ठिपके दिसत नाहीत. नाना मात्र दर वेळी दहावीच्या पेपरला बसल्यासारखे घामेघूम होऊन बसतात.

त्यात काचबिंदूने झिजलेली डोळ्याची नस. निरोगी जागी उजेड थोडा वाढवला की 'नाही'चं 'हो' होतं. दुखावलेल्या जागी तोच उजेड एकदा दिसतो, एकदा नाही. संवेदनशीलता (किती मंद उजेड दिसतो त्याचं माप, इथे तेही डेसिबलमध्ये) १५-१९ डेसिबलच्या खाली गेली की तिथले आकडे फारच वरखाली होतात. जिथली खबर सगळ्यात जास्त हवी, तिथलीच सगळ्यात कमी भरवशाची! मला हे फार लागलं. झोप, दमणूक, खाली आलेली पापणी यांचा फरक वेगळाच.

अमेरिकेतल्या ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडीत पहिल्यांदा बिघडलेले दिसलेले सुमारे ८६ टक्के फील्ड पुन्हा तपासल्यावर तसे आले नाहीत. ती माणसं डोळ्यातला दाब वाढलेली, काचबिंदू न झालेली. तो आकडा नानांना लावता येणार नाही. पण डॉक्टरांनी आज ड्रॉप्स न बदलता फील्ड पुन्हा करायला का सांगितलं, ते मला त्यातून उमगलं.

'असं होतंच' म्हणून सोडूनही देणार नाही. पुढच्या रिपोर्टांतही त्याच जागा खचलेल्या दिसल्या, तर ते खरं धरायचं. पुढची वेळ सकाळची मागितली आहे, कारण दुपारी जेवल्यावर नानांचा डोळा लागतो. ओसीटीचे (नसेच्या थराची जाडी मोजणाऱ्या स्कॅनचे) कागद सोबत नेऊन डॉक्टरांना विचारायचंय, नस जिथे पातळ झालीय त्याच्याशी फील्डमधली खराब जागा जुळते का.